पुसट रेघ

नर्सबाईंनी नवऱ्याचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब मलेरियाच्या पट्टीवर घेतला, वर औषधाचे थेंब सोडले आणि वीस मिनिटांचं घड्याळ लावलं. नवरा दवाखान्याच्या बाकावर शहाण्या पेशंटसारखा बसून राहिला.

खाणीवरून तो ताप घेऊन घरी आला, त्याला आज पाच आठवडे झाले होते. एरवी वर्षाकाठी दहा दिवस वाट्याला येणारा माणूस. ताप गोळ्यांनी चौथ्या दिवशीच पळाला होता. पण खाणीचा नियम असा, की पट्टीवरची दुसरी, मलेरियाची रेघ जाईपर्यंत कामावर घ्यायचं नाही. आणि ही पट्टी मोठी चिवट. जंतू मेले तरी त्यांचं मागे उरलेलं काहीबाही तिला रक्तात कित्येक आठवडे सापडत राहतं. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं असतं तर केव्हाच सोक्षमोक्ष लागला असता, पण दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक दोन वर्षं बंद पडून होता. तरी रेघ मेलेल्या जंतूंची आहे, असं खाणीच्या डॉक्टरला कळवता आलं असतं. बाईंनी कळवलं नाही. दर सोमवारी रेघ दिसे, त्या ‘पॉझिटिव्ह’ लिहीत, आणि त्यात खोटं काहीच नसे.

एवढ्या दिवसांत त्याने घराचं अडकणारं दार रंधा मारून सरळ केलं होतं. बाई ड्यूटीवरून परतल्या की चहा तयार असे. आपण मनातल्या मनात मलेरियाचे आभार मानतो, याची त्यांना लाजही वाटे.

घड्याळ वाजलं. बाईंनी पट्टी खिडकीशी धरली. एकच रेघ होती.

नवरा उठून त्यांच्या मागे उभा राहिला. बराच वेळ पाहून हळूच म्हणाला, “मला दिसतेय गं. पुसट आहे. पण पुसट रेघही रेघच, असं तूच सगळ्यांना सांगतेस ना?”

“असती तर मी आधी पाहिली असती, अहो.”

त्यांनी फॉर्मवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्याने कागद खिशात घातला आणि गाडीची वेळ विचारायला तो स्टँडवर गेला.

बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांची रांग संपायला तास गेला. वेळ टळल्यावर पट्टी वाचायची नाही, नसलेली रेघही दिसायला लागते, असं बाई प्रत्येक नव्या नर्सला बजावत. डब्यात टाकायला म्हणून त्यांनी नवऱ्याची पट्टी उचलली आणि पुन्हा एकदा खिडकीशी नेऊन धरली.