सुकाणूवरचा हात

“बाबा, परत राउंड मारूया. कंपास कॅलिब्रेट होत नाही,” कुशल पडद्याकडे बघत म्हणाला. “माझा काही चूक नाही.”

मुलाच्या मराठीतली ही चूक चंद्रशेखरांनी आयुष्यभर दुरुस्त केली होती. आज ऐकूनही सोडून दिली. साउथहॅम्प्टनच्या खाडीवर विरळ धुकं होतं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं, आणि त्यांची छोटी मोटरबोट त्या पांढुरक्या शांततेत संथपणे गोल फिरत होती. नवा ऑटोपायलट बसवला की आधी असे गोल घ्यावे लागतात. त्याच्या कंपासला बोटीची ओळख पटावी लागते.

दोन वर्षांपासून चंद्रशेखरांचे हात थरथरत होते. ऑटोपायलट चालला तर बोट ठेवायची, नाहीतर विकायची, असं कुशलनं बेसिंगस्टोकहून येतानाच बजावलं होतं. पोरगा काळजीपोटी बोलतोय हे त्यांना कळत होतं, तरी जीव तुटत होता.

सोबत बसवलेलं डिझेलचं मीटर मात्र मघाशीच सुरू झालं होतं. तासाला किती लिटर जळतंय याचे आकडे बघून ते हरखून गेले होते. भूलतज्ज्ञ म्हणून एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसायचं, तासाला किती औषध जातंय ते बघायचं, आणि त्याला अलगद जागेपणी आणून सोडायचं.

तिसरा गोलही फसला.

“डिफेक्टिव्ह असेल. जाऊ दे ना, बाबा.”

“थांब. मॉनिटर वेडंवाकडं दाखवायला लागला की आधी वायरी बघायच्या. तू जरा व्हील धर.”

ते गुडघ्यांवर बसले आणि खालचं कपाट उघडलं. आत कंपासच्या डबीला खेटून, लोखंडी पट्टीवर गाडीतला छोटा गणपती विराजमान झाला होता. डबीला हळदकुंकू, वर एक फूल.

“सुप्रभा, हे तुझं काम?” त्यांनी मागे बसलेल्या बायकोला विचारलं.

“अहो, नवी वस्तू तशीच कशी सुरू करायची?” सुप्रभा म्हणाली. “आणि तिथं चिकटलाही किती छान.”

“चिकटणारच, बुडाशी मॅग्नेट आहे. कंपास बिचारा बाप्पांकडेच बघत बसलाय.”

कुशल पोट धरून हसला. बाप्पा सुप्रभाच्या पर्समधून बोटीच्या पार मागच्या टोकाला गेले, आणि पुढचे दोन गोल सुरळीत पार पडले.

चंद्रशेखरांनी बोट खाडीच्या मधल्या वाटेला आणली. कुशलनं बटण दाबलं.

सुकाणू आपोआप हललं. किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. चंद्रशेखरांचा हात त्याच्यावर तसाच अधांतरी राहिला.

“बाबा, सोडा आता. इट्स गॉट इट.”

त्यांनी हात मागे घेतला. बोट आली त्या वाटेची रेघ पडद्यावर उमटली होती. बटण दाबलं तिथपर्यंत ती नागमोडी, आणि तिथून पुढं सरळ. इतकी वाकडी चालवतो आपण?

कुशलनंही ती पाहिली. दोन बोटांनी त्यानं नकाशा मोठा केला, तेव्हा मागची रेघ पडद्याबाहेर गेली.

“चहा घेता का?” सुप्रभानं विचारलं.

“दे. आज अर्धा नको, पूर्ण भरून दे.”

दोन्ही हातांनी कप घट्ट धरून चंद्रशेखर चहा पिऊ लागले. थोडा सांडला. बोट सरळ चालली होती.