दोन्हीकडे चालणारे पॅड

दिपमाला महाजन जळगावच्या एमआयडीसीत एका पाइप कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पाइपात पाण्याचा दाब वाढवत न्यायचा, तो कुठल्या आकड्याला फुटतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. पाइपावर काय छापलंय याला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती. अशी ही बाई एका माणसाच्या शब्दावर मात्र डोळे झाकून चालली. ते कसं घडलं हे सांगायचं तर ब्रेकपॅडपासून सुरुवात करायला हवी.

तिची गाडी साधीच, नऊ वर्षांची पांढरी हॅचबॅक. सोमवार ते शनिवार ती कारखान्यात जायची. महिन्यातून एकदा आईला, म्हणजे कोकिळाबाईंना, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे धुळ्याला न्यायची. आणि दोन-अडीच महिन्यांतून एखाद्या रविवारी हीच गाडी धुळ्याबाहेरच्या एका बंद सूतगिरणीच्या आवारात, सव्वा किलोमीटरच्या सिमेंटच्या रस्त्यावर, घड्याळ लावून पळायची. खानदेशातल्या पंचवीस-तीस हौशी लोकांनी मिळून ते आवार त्या दिवसापुरतं घ्यायला सुरुवात केली होती. त्यात कापसाचे व्यापारी होते, केळीवाले होते, डॉक्टर होते. बाई एकटी दिपमाला. पण वळणाआधी नेमका ब्रेक मारण्यात तिचा पाय कुणाला धरता येत नसे.

दिवाळीनंतर तिच्या पुढच्या चाकांचे पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे, संपत आले. आता घ्यायचे कोणते, हा मोठा पेच होता. रस्त्यावरच्या पॅडनं गार असतानाच पकडायला हवं. सकाळी गल्लीत कुत्रं आडवं आलं तर पॅडला तापायला वेळ कुठून द्यायचा? शर्यतीच्या पॅडचं नेमकं उलटं. ते तापल्याशिवाय धड पकडत नाहीत, सिग्नलला किंचाळतात, डिस्क कुरतडून खातात. पण साधे पॅड ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला दम सोडतात, तिथे हे टिकतात.

तिची गाडी बघायचे ते सुकदेव नाना. अजिंठा चौफुलीजवळ त्यांचं गॅरेज. नानांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, लगीनमा बी अन् वावरमा बी एकच चप्पल चालत नही. दोन जोड ठेव. मैदानवर जाशी तव्हय मी बदली दिसू."

तिला ते पटलंही होतं. पण त्याच आठवड्यात धुळ्याहून हितेंद्रचा फोन आला.

हितेंद्र म्हणजे तिच्या कॉलेजातला मित्र, धुळ्यात सुट्या भागांचं दुकान असलेला. सोळा वर्षांपूर्वी याच हितेंद्रनं तिला गाडी शिकवली होती. नुसती चालवायला नाही. ब्रेकवर पाय आपटायचा नाही, दाबत न्यायचा, हे त्यानं तिच्याकडून शेकडो वेळा करून घेतलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा दवाखान्यातून घरापर्यंत सगळं त्यानंच निभावलं. सख्खा भाऊ नसलेल्या दिपमालानं त्याला राखी बांधायला सुरुवात केली, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

"दोन जोडांची झंझट कशाला करतेस?" तो म्हणाला. "नवीन कंपनीचे पॅड आलेत माझ्याकडे. गार असताना पकडतात आणि ट्रॅकवरही दमत नाहीत. दोन्हीकडे चालतात."

"तू वापरलेस?"

"वापरलेस काय विचारतेस! तीन महिने झाले, माझ्याच गाडीला आहेत."

तेवढं तिला पुरलं. पाइपाच्या बाबतीत तिनं असल्या उत्तरावर कधीच भागवलं नसतं. पण हितूचं बोलणं दाबून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

नानांनी पॅड बसवले. ब्रेकचं तेलही जुनं झालं होतं, तेही तिनं बदलून घेतलं. पारोळ्याच्या रस्त्यावर मोकळ्या जागी तिनं पॅड रीतसर रुळवले. ऐंशीवरून वीसपर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं दहा वेळा केलं आणि मग गाडी गार होऊ दिली. पॅड छान वाटले. आवाज नाही, पकड गोड. आईला घेऊन ती दोनदा धुळ्याला जाऊन आली. आई म्हणाली, "आता धक्के बसत नाहीत गं."

जानेवारीतला रविवार उजाडला. हितेंद्र आदल्या वेळेसारखाच सगळ्यांच्या आधी आला होता. त्याची राखाडी गाडी गिरणीच्या भिंतीला लावलेली होती. "आज नाही पळवत," तो म्हणाला, "क्लच घसरतोय." मग तो तिच्या खिडकीशी वाकला. "दिपे, आज मागेपुढे बघू नकोस. सलग सहा फेऱ्या मार. पॅड काय चीज आहे ते कळू दे सगळ्यांना."

तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं मनासारखं चाललं होतं. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथे एकशे दहाचा वेग पन्नासवर आणायचा, तिथे तिनं नेहमीच्या खुणेवर ब्रेक दाबला. पाय खाली जाईना. पेडल दगडासारखं घट्ट लागलं होतं, आणि गाडी तरीही काही केल्या थांबेना. तिनं सगळं वजन पायावर टाकलं. भिंतीशी रचलेले टायर मोठे होत होत अंगावर आले. तिनं गियर खाली ओढला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी टायरांना घासून कुंपणाच्या पलीकडे कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या शेतात घुसली आणि चारीत तोंड घालून उभी राहिली.

सगळ्यात आधी धावत आला तो हितेंद्रच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा डावा हात मनगटात मोडला होता. त्यानं तिला उचलून आपल्या गाडीत बसवलं, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिला, आईला फोनही त्यानंच केला.

"तेल उकळलं असणार दिपे," जळगावला परतताना तो म्हणाला. "तेल उकळलं की ब्रेक जातो."

"तेल आत्ताच बदललंय. आणि तेल उकळलं की पेडल मऊ पडतं, खाली बसतं. माझं दगड झालं होतं."

"त्या क्षणाला काय झालं ते माणसाला नीट आठवत नाही गं."

तिचा हात ठणकत होता. शिवाय त्याचा चेहरा इतका उतरलेला होता की तिलाच वाटलं, आठवत असेल आपल्याला चुकीचं.

तीन दिवसांनी तिला गोपालचा फोन आला. गोपाल पहूरचा, केळीचा व्यापारी, ग्रुपमधला सगळ्यात नवा. "ताई, हात कसा आहे?" असं विचारून तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "हितूभाऊंनी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही तेल बदलायचं विसरलात म्हणून. आणि... राग मानू नका, पण ते म्हणाले, बायकांचा पाय ब्रेकवरून उठतच नाही, मग कुठलाही पॅड जळणार. मी मागच्याच आठवड्यात तेच पॅड टाकले, म्हणून विचारतोय. रविवारी घरच्यांना घेऊन अजिंठ्याचा घाट उतरायचाय."

दिपमालाला क्षणभर वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. ज्यानं तिचा पाय घडवला, तोच त्या पायाला नाव ठेवत होता.

ती रिक्षा करून नानांच्या गॅरेजला गेली. ओढून आणलेल्या तिच्या गाडीचं चाक काढून ठेवलेलं होतं. नानांनी पॅड तिच्या चांगल्या हातात दिला. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि नखानं टोकरलं की कडेचा भुगा होत होता. बाटलीत काढून ठेवलेलं तेल मात्र स्वच्छ, जवसाच्या तेलासारखं पिवळं.

"तेल बठ्ठं चांगलं शे," नाना म्हणाले. "तुना पायनी चूक नही, पोरी. हाऊ पॅडच जळी गया."

तिनं दोन्हींचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती एसटीनं धुळ्याला निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेला. हितूला काय सांगायचं हे ती मनात जुळवत होती. तिला अजूनही वाटत होतं की तोही फसलाय. आपल्यासारखाच कंपनीच्या शब्दावर विसंबला असेल बिचारा. त्याच्याही गाडीला तेच पॅड आहेत, त्याला आधी सावध केलं पाहिजे.

दुकानासमोर त्याची राखाडी गाडी उभी होती. त्या नव्या पॅडच्या पाठीला निळा रंग असतो, हे तिला आता पाठ होतं. ती सहज चाकाशी वाकली आणि आऱ्यांमधून आत बघितलं. पॅडची पाठ पिवळी होती. ट्रॅकवाले सगळे पूर्वीपासून वापरत तो जुन्या कंपनीचा महागडा पॅड. ती पलीकडच्या चाकाकडे गेली. तिथेही पिवळी. वरचा रंग अजून फारसा उडाला नव्हता.

"दिपे? तू कशी आलीस? फोन तरी करायचास!" हितेंद्र पायरीवर उभा होता. ती कुठे वाकली होती हे त्यानं पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच विरलं.

"हे कधी बसवलेस?" तिनं विचारलं.

तो पायरी उतरून खाली आला. तिनं पुन्हा विचारलं.

"नोव्हेंबरात."

"म्हणजे मला देण्याच्या आधी."

"आत ये, चहा घे. रस्त्यात नको."

"इथेच सांग."

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात सांगू लागला. नवे पॅड त्यानं खरंच बसवले होते. गिरणीच्या आवारात एकटाच पळवून पाहायला गेला, तर दुसऱ्याच फेरीला दमले. त्यानं काढून टाकले. कंपनीला कळवलं, तर कंपनीवाले म्हणाले, तुमची गाडी जड आहे, हलक्या गाडीवर टिकतील. कुणाकडून तरी ट्रॅकवर पळवून दाखवा, म्हणजे खानदेशची एजन्सी तुम्हाला देऊ.

"आणि तू मला पळवलंस."

"मला वाटलं टिकतील. आईशपथ, वाटलं होतं."

"मग मला सांगायचं होतंस. मी पळवून बघितले असते. माझं कामच ते आहे हितू, फुटेपर्यंत बघायचं! पण माहीत असताना बघतात."

"सांगितलं असतं तर तू जपून चालवली असतीस," तो म्हणाला. "मग काय कळलं असतं? तुझ्याइतका स्वच्छ ब्रेक मारणारं दुसरं आहे कोण ग्रुपमध्ये?"

हे तो मनापासून बोलत होता. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मोडलेल्या हातापेक्षा, त्या बायकांच्या पायाच्या गोष्टीपेक्षाही जास्त. खड्डा आहे हे माहीत असून त्यानं तिला त्या दिशेनं पळायला सांगितलं होतं, आणि तिचा पाय चांगला म्हणून तिलाच निवडलं होतं.

"आई दोनदा बसली त्या गाडीत," ती म्हणाली.

"रस्त्यावर काही होत नाही त्यांना."

"गोपाल रविवारी घाट उतरणार आहे. लेकरं घेऊन."

यावर त्यानं मान खाली घातली. ती वळली आणि स्टँडकडे चालू लागली. मागून त्यानं दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

बसमध्येच तिनं एका हातानं ग्रुपवर लिहिलं. जळालेला पॅड, स्वच्छ तेल, पेडल कसं लागलं, आणि हितेंद्रच्या स्वतःच्या गाडीला कुठले पॅड आहेत. चार ओळी आणि फोटो. शिवी नाही, दोष नाही. गोपालला मात्र वेगळा फोन केला. तो म्हणाला, "उद्याच काढतो ताई." आणि त्यानं काढलेही.

बाकीच्यांचं तसं झालं नाही. कुणी लिहिलं, घरातलं भांडण ग्रुपवर आणू नये. कुणी म्हणालं, हितूभाऊ असं करणारच नाहीत. दोघांनी आपले पॅड गुपचूप बदलले आणि तिला काही कळवलं नाही. हितेंद्रनं स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. ज्या माणसांसाठी तो धुळ्याचा हक्काचा भाऊ होता, त्यांना दिपमालाचे फोटो खोटे वाटले नाहीत, फक्त नकोसे वाटले.

घरी आईला सांगणं अवघड गेलं. कोकिळाबाई ऐकताना मध्येच म्हणाल्या, "अगं, यांच्या वेळी रात्रंदिवस उभा होता तो पोरगा."

"तेही खरंच होतं, आई."

"मग हे कसं खरं?"

दिपमालानं फोन आईपुढे धरला. आईनं पदरानं चष्मा पुसला, घालून पुन्हा त्या जळालेल्या पॅडच्या फोटोकडे बघितलं. "केसानं गळा कापला गं मेल्यानं," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याच शब्दाला घाबरल्यासारख्या उठून आत गेल्या.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं, गाडीचं तोंड सरळ झालं. नानांनी दोन जोड करून दिले, एक रस्त्याचा, एक मैदानाचा. एप्रिलमधल्या रविवारी ती गिरणीच्या आवारात गेली. हितेंद्र आला नव्हता. त्याला एजन्सी मिळाली की नाही, कुणी बोललं नाही आणि तिनं विचारलं नाही. मैदानाचे पॅड तापल्यावर असे पकडत होते की पट्टा छातीत रुतत होता. तरी प्रत्येक फेरीला, त्या लांब रस्त्याच्या शेवटी, तिचा पाय खुणेच्या चाळीस-पन्नास फूट आधीच ब्रेकवर जात होता.

घड्याळवाल्यानं कागद दाखवला. आधीपेक्षा जवळजवळ तीन सेकंद जास्त.

"हाताला ताकद यायला वेळ लागेल ताई," गोपाल म्हणाला.

"हो," दिपमाला म्हणाली, "लागेल वेळ." आणि चाकं गार होईपर्यंत गाडीशेजारी उभी राहिली.