उन्हात वाळवलेला स्पंज

मी टाकी बोलतेय. गच्चीवरची नव्हे, तिला पाणी आलं की अख्ख्या इमारतीला कळतं. मी बाहेरच्या खोलीतली काचेची, झाडं आणि मासे पोटात घेऊन बसलेली. वजन विचारू नका. पाणी भरल्यापासून मीही त्याचा विचार सोडून दिलाय.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. बघणारे म्हणतात, किती शांत वाटतं हिच्याकडे बघून! शांत कसली? पाच काचा एकमेकींना चिकटवून उभी केलेली मी. शेजारी कुणी दार आपटलं तरी माझं पाणी पाणी होतं.

काचवाल्यानं मला बनवलं, काठोकाठ भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून एक दिवस तशीच ठेवली. कागद कोरडा राहिला तर पास. परीक्षेत सगळ्यांना घाम फुटतो, पण मला फुटला असता तर थेट भंगारात.

पास झाले आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी आले. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आराम करा, मन शांत ठेवा. हे दोन्ही त्यांना कधी जमलेलं नव्हतं. त्यांचं मन रमावं म्हणून मला आणलं. भित्रीच्या गळ्यात दुसऱ्याचं मन शांत ठेवायचं काम!

मुलीनं मला कपडा बेतावा तशी बेतली. आधी कागदावर मापं काढली. मागे चढ, पुढे उतार, मधून वाळूची एक पायवाट. तळाशी माती घातली आणि ती पाण्यात मिसळू नये म्हणून वर वाळूचा थर दिला. एक वाकडं लाकूड ठेवलं, ते लगेच वर तरंगलं. मग त्याच्या पायाशी दगड बांधला. मागच्या बाजूला लांब पात्यांचं गवत लावलं आणि लाकडावर हिरवं शेवाळ दोऱ्यानं असं बांधलं, की टाके शोधूनही सापडू नयेत.

शोभेचे मासे विकणारा दुकानदार म्हणाला होता, मासे इतक्यात नकोत, आधी पाणी मुरू दे. बाबा रोज माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "नुसतं पाणीच बघायचं तर बादली काय वाईट होती?"

पण त्या थांबण्याला कारण होतं. माझ्या पाठीला एक फिल्टर आहे आणि त्यात एक स्पंज. त्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव हळूहळू वस्तीला येतात. माशांच्या घाणीतलं विष ते संपवतात. ते नसतील तर मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. स्पंज दिसायला मात्र काळा आणि बुळबुळीत. माझं काळीजच म्हणा ना, पाहुण्यांना दाखवण्यासारखं नाही.

सुरुवातीला झाडांची पानं सडून गळाली, तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला होता. मग नवे कोंब आले, गवत वर पोचलं आणि निळ्या रेघेचे इवलेसे मासे आले. बाबांची खुर्ची टीव्हीसमोरून उठून माझ्यासमोर आली. मुलगी मशीनवर बसल्या बसल्या मान वळवून बघायची. माझ्याकडे नव्हे, बाबांच्या छातीकडे. ती वरखाली होतेय ना, तेवढं बघायची आणि पुन्हा पाय मारायची.

अशा घरात आजारी माणसाला कुणी काही करू देत नाही. पिशवी उचलू नका. गॅसकडे जाऊ नका. बाबा, तुम्ही फक्त बसा. एकदा मुलगी शाळेच्या गणवेशांची मापं घ्यायला बाहेर गेली आणि बाबा उठले. त्यांनी फिल्टर उघडला. स्पंजाचा अवतार बघून त्यांना माझी कीव आली असणार. नळाखाली धरून, कपड्यांचा साबण लावून, त्याचा मूळचा निळा रंग दिसेपर्यंत त्यांनी तो चोळला, पिळला, आणि दोरीवर मोज्यांच्या शेजारी चिमटा लावून कडक उन्हात वाळवला.

इतक्या मायेनं माझ्या जिवावर कुणी उठलं नव्हतं. आणि मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मुलीनं दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, फिल्टर कुणी धुतला का? ती म्हणाली, छे, घरात कोण हात लावणार? बाबा तिथेच होते. बंद टीव्हीकडे बघत बसले.

तेव्हापासून त्या खोलीत आम्ही तिघं घाबरलेले. मी माशांसाठी, मुलगी बाबांसाठी आणि बाबा अशा भीतीनं, की आता उरलेली खुर्चीही कुणी काढून घेईल.

मुलीनं ठरवून टाकलं की आपलीच माती वाईट निघाली. बादली आणि नळी आणली. उरलेले मासे पातेल्यात काढून दुकानदाराकडे द्यायचे, झाडं फेकायची आणि मला उपसून माळ्यावर ठेवायचं. तिनं बाह्या वर केल्या आणि मागचं गवत मुळाशी धरलं. वाळू हलली. मातीचा काळा ढग उठला.

"थांब," बाबा म्हणाले. "मातीचं काही नाही. स्पंज मी धुतला. साबणानं."

तिचा हात माझ्या पाण्यात तसाच राहिला.

"पिळलात?"

"चांगला पिळला. वाळवलासुद्धा."

"वाकून पिळलात? छातीत दुखलं का तेव्हा?"

"अगं, मासे मरतायत इथे आणि तू माझी छाती काय विचारतेस?"

तिनं गवत सोडून दिलं आणि ओल्या हातानंच डोळे पुसले. मग दुकानदाराकडे जाऊन त्याच्या जुन्या टाकीतला घाणेरडा स्पंज मागून आणला. दुसऱ्याच्या घरची घाण अशी हात पसरून मागणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तो माझ्या फिल्टरमध्ये बसवला. रोज थोडं पाणी काढायचं, थोडं घालायचं. घालायचं काम बाबांना मिळालं, पण मगानं, आणि बसून.

काही मासे गेले. बाबांनी ते स्वतः जाळीनं काढले. जे उरले ते अजून अधूनमधून वर येतात आणि एखादा आला की मी हादरते. माझं पाणी पुरतं निवळलेलं नाही.

आज मुलगी पुन्हा मापं घ्यायला गेलीय. जाताना तिनं बाबांना कसलीही ताकीद दिली नाही, याचंच मला जास्त भय वाटलं. बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलेत, कपाळ काचेला टेकवून. बराच वेळ झाला, हललेले नाहीत. त्यांच्या श्वासानं काचेवर वाफेचा एक ठिपका येतो आणि विरतो. मासे काय करतायत ते आज मी बघतच नाहीये. मी त्या ठिपक्याकडे बघतेय.

आला. विरला. पुन्हा आला.

तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर जरा आत डोकावून जा. दार नुसतं लोटलेलं आहे.