आईच्या फोनवरचा गोल डाग

कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या खिडकीजवळच्या टेबलाला सगळे कोर्ट म्हणत आणि तिथे बसणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला जज. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. कुणाला फोन घ्यायचा असो, लॅपटॉप घ्यायचा असो, नाहीतर कानात घालायची ती बोंडं, अकराच्या चहाला तो कोर्टात हजर व्हायचा. जज बिस्किट चहात बुडवायची, बाहेर काढायची आणि ते मोडून पडायच्या आत निकाल द्यायची.

"हा नको. दोन वर्षांत बॅटरी मान टाकते."

"पण जज, रंग बघ ना किती भारी आहे!"

"रंगच हवा असेल तर भिंत रंगव."

कंपन्यांवर तर तिचा खास राग. एका कंपनीने डब्यातला चार्जर काढून घेतला आणि त्याला निसर्गप्रेम म्हटलं, दुसरी दरवर्षी तोच फोन नवं झबलं घालून बाजारात बसवते, हे ती इतक्या तळमळीने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, चार्जर हिच्याच हातातून ओढून नेलाय. तिचा स्वतःचा लॅपटॉप मात्र बिजागरी तुटलेला होता आणि पाठीमागे जाडजूड पुस्तक लावल्याशिवाय उभा राहत नव्हता. त्याबद्दल कुणी बोलायची हिंमत करत नसे.

कोर्टाचा एकच कायदा होता. वस्तू कोण वापरणार, हे जजला सांगायचं नाही. "आजीसाठी हवाय, भावासाठी हवाय, असली रडगाणी नकोत. वस्तू चांगली असते किंवा वाईट असते. बस." हा कायदा तिने स्वतः केला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

त्याच कायद्याने तिने आईसाठी फोन निवडला होता. तीन महिने खपून, अकरा फोनांची तुलना करून, पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीतून तिने तो घेतला. आई एका शीतगृहात, म्हणजे भाजीपाला गोठवून साठवायच्या भल्यामोठ्या गोदामात, काम करायची. जुना बटणांचा फोन अगदीच म्हातारा झाला होता. नवा फोन हातात आल्यावर आई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मला जमेल का गं?"

आणि खरंच, आईला तो काही जमेना. जज वसतिगृहात राहायची आणि रोज अकराला, लेक्चर संपलं की, कोर्टात बसायच्या आधी फोन करायची. कधी घंटी वाजून वाजून थांबायची, कधी फोन कट व्हायचा, तर कधी उचलला जाऊन नुसतीच खसखस ऐकू यायची, कुणीतरी पोतं ओढतंय तशी. रविवारी घरी गेलं की आईच्या फोनवर, मधोमध जरा खाली, ठरलेल्या जागी एक गोल डाग असायचा. जज चष्म्याचं फडकं काढून तो पुसायची आणि पुसता पुसता आईची शाळा घ्यायची.

"इतकी सुंदर स्क्रीन आणि काय करतेस तू तिचं! आणि फोन का कापतेस सारखा? हिरवं उजवीकडे, लाल डावीकडे. पहिलीतलं पोरसुद्धा शिकेल."

आई तिच्या शेजारी बसून हसायची. "मी आपली ढ. तू पूस."

आणि रविवारी, तिच्या डोळ्यांदेखत, आई फोन बरोबर वापरायची. त्यामुळे जजची खात्रीच पटली होती की बाकीचे सहा दिवस आई लक्षच देत नाही.

अशात कॉलेजात ती कंपनी आली. आईचा फोन ज्यांनी बनवला तीच. नवे फोन बाजारात जाण्याआधी वापरून बघायचे आणि त्यांचे दोष काढायचे, असं काम, आणि जागा फक्त एक. जगात कुणीतरी दोष काढायचा पगार देतं, हे कळल्यावर जजला रात्रभर झोप लागली नाही. ही जागा तिला हवीच होती. दुसरं काही हवं असं तिला कधी इतकं वाटलं नव्हतं.

मुलाखत शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी दहाला तिच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "मुलाखतीसाठी पालकांच्या सहीचा कागद दिलास ना? आज तीनपर्यंतच मुदत आहे."

जज ताडकन उठली. कागद पुस्तकाच्या मागे होता, म्हणजे लॅपटॉपच्या मागे. ती तो घेऊन बसस्टॉपकडे धावली आणि धावता धावता आईला फोन लावला, फाटकाशी येऊन थांब म्हणून सांगायला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, कट. तिसऱ्यांदा लावला, तर खसखस. चौथ्यांदा पुन्हा कट. बसमध्ये तासभर ती मनातल्या मनात आईशी भांडत होती. आयुष्याचा प्रश्न आहे आणि ही बाई फोन कापतेय!

शीतगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिचं तोंड बघितलं आणि जास्त काही विचारलं नाही. खुंटीवरचं एक जाड जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि म्हणाला, "बाहेरच्या खोलीपर्यंतच जायचं हं. पट्ट्यांच्या पलीकडे नाही."

दारावर पारदर्शक प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या लोंबत होत्या. पलीकडे पांढरा प्रकाश, छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक आणि तोंडातून वाफा सोडत हिंडणारी माणसं. सगळी एकसारखीच गोल दिसत होती. आई कुठली ते कळेना. म्हणून जजने तिथूनच पाचवा फोन लावला.

वाटाण्याच्या खोक्यांशी उभी असलेली एक गोल बाई दचकली. तिने हातातलं खोकं घाईघाईने खाली ठेवलं. जाड हातमोज्यांच्या दोन पंज्यांनी छातीवरच्या खिशातून कसाबसा फोन बाहेर काढला, दोन्ही पंज्यांत धरून तोंडाशी आणला आणि खाली वाकून फोनला नाक लावलं.

जज बघतच राहिली.

नाक उजवीकडे सरकलं. काही झालं नाही. बाईने बाहीने नाक पुसलं, बाहीनेच फोनवरची वाफ पुसली आणि पुन्हा नाक टेकवलं. शेजारची बाई हसत ओरडली, "जोर लाव, जोर! लेकीचाच असेल!" आईने जोर लावला. नाक घसरलं आणि डावीकडे गेलं. जजच्या कानाशी फोन कट झाल्याचा आवाज आला. पट्ट्यांच्या पलीकडे आईचा चेहरा एवढासा झाला होता.

जजला रडू फुटलं. ती दाराच्या चौकटीला कपाळ टेकून उभी राहिली आणि मग, पहारेकऱ्याने सांगितलेलं विसरून, पट्ट्या बाजूला सारून हाक मारली, "आई!"

बाहेरच्या खोलीत येऊन हातमोजे काढायलाच आईला दीड-दोन मिनिटं लागली. एकावर एक असे दोन जोड होते, वर मनगटाला पट्टा. मोकळी झालेली बोटं लालभडक होती.

"तू कशी इथे? काय झालं? बरी आहेस ना?"

"सही हवी होती." जजने कागद पुढे केला. "आई, तू नाकाने फोन उचलतेस?"

"मग काय करू?" आई लाजली. "आत हातमोजे काढले की साहेब ओरडतात. आणि ओरडायलाच हवं. गेल्या वर्षी इथल्या एका मावशींच्या बोटाची सालं रॅकला चिकटली. कानात काही घालायची बंदी, मागून मालाची गाडी आली तर कळायला हवं ना. आम्ही सगळ्याच नाकवाल्या आहोत. माझंच जरा चपटं पडतं."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? अख्ख्या गोदामाला सांगून ठेवलंय, माझ्या मुलीने तीन महिने अभ्यास करून निवडलाय. आता त्यात मी खोट काढू?"

"मी दर रविवारी तुला बोलते! त्या डागावरून!"

"बोलतेस खरी," आई सही करता करता म्हणाली. बोटं आखडल्यामुळे अक्षर वाकडं येत होतं. "पण पुसतेस तेवढा वेळ माझ्याजवळ बसतेस ना. नाहीतर आल्या आल्या लॅपटॉप उघडतेस."

दोष काढण्यात जिचा हात कुणी धरला नसता, तिला आपल्याच निवडीतला एवढा ढळढळीत दोष तीन वर्षं दिसला नव्हता. तिला स्वतःचा मनापासून राग आला.

"अकराला नको करत जाऊस," आई म्हणाली. "दीडला जेवणाची सुट्टी असते. तेव्हा हात मोकळे असतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे, बाळा?"

निघताना जज म्हणाली, "आई, तुझे हातमोजे उद्यापुरते देशील?"

आईने कारण विचारलं नाही. पहारेकऱ्याला सांगून तिने एक जादा जोड मागून आणला आणि लेकीच्या हातात ठेवला. "परत आण हं. मोजून देतात."

मुलाखतीला दहाजण होते. प्रत्येकाला कंपनीचा नवा, अजून बाजारात न आलेला फोन तासभर वापरायला दिला आणि मग एकेकाला आत बोलावलं. आत तिघं होती. मधे बसलेल्या मॅडम प्रमुख, डावीकडे एक टाय लावलेले साहेब आणि उजवीकडे सगळं लिहून घेणारी एक बाई. जजने अकरा पानांचं टिपण तयार केलं होतं. ते तिने पिशवीतच राहू दिलं आणि हातमोजे काढून हातांत चढवले.

"मॅडम, आता मला या फोनवर फोन करा."

मॅडमनी केला. घंटी वाजू लागली. जजने हातमोजा स्क्रीनवर घासला. काही नाही. बाजूची बटणं दाबून पाहिली. आवाज बंद झाला, फोन काही उचलला गेला नाही. मग ती वाकली आणि नाक टेकवलं. टायवाले साहेब खो खो हसले. जजचे कान तापले, पण आता माघार घ्यायची नव्हती.

"माझी आई रोज असाच फोन उचलते," ती म्हणाली. "वाफ धरली की तेही जमत नाही. आतल्या थंडीत बॅटरी अर्ध्यावरून एकदम संपते. आईच्या फोनच्याही आधीच्या तुमच्या फोनांमध्ये आपोआप कॉल उचलायची सोय होती, ती तुम्ही काढून टाकलीत. कॅमेरा उत्तम आहे. आईने त्याने आजवर एकही फोटो काढलेला नाही."

"हे बघा," साहेब हसू आवरत म्हणाले, "आम्ही हजारो ग्राहकांना फोन करून सर्वेक्षण केलंय. त्यात अशी तक्रार एकानेही केलेली नाही."

"सर, तुमचा फोन ती उचलणार कशी?"

लिहून घेणाऱ्या बाईचं पेन थांबलं. मॅडमनी जजकडून हातमोजे मागून घेतले, हातांत चढवले, चष्मा काढून ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "करा मला फोन." मग त्या वाकल्या. पहिल्यांदा कट झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला गेला तेव्हा त्या सरळ बसल्या आणि नाक चोळत जजकडे बघत राहिल्या.

"हा फोन कुणी निवडून दिला तुमच्या आईंना?"

"मीच," जज म्हणाली. "अकरा फोनांमधून. कोण वापरणार ते मी बघितलंच नव्हतं."

हे सांगायची काही गरज नव्हती, असं मैत्रिणीने संध्याकाळी तिला चांगलं फैलावर घेऊन सांगितलं. स्वतःची चूक मुलाखतीत कोण सांगतं? जजलाही ते पटलं. शनिवार-रविवार तिने जागा गेल्यातच जमा धरली. रविवारी घरी जाऊन तिने डाग पुसला, नंतरही आईजवळ बसली आणि लॅपटॉप उघडलाच नाही.

सोमवारी अकराच्या चहाला ती कोर्टात बसली होती. पहिल्या वर्षाची एक मुलगी घाबरत घाबरत समोर आली. "जज, कानात घालायचं काहीतरी घ्यायचंय. यातलं कुठलं चांगलं?"

"कोण वापरणार?" जजने विचारलं.

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मुलगी गोंधळली. "ते... ते सांगायचं नसतं ना?"

"आता सांगायचं. बस, आणि नीट सांग."

मुलगी आपल्या काकांबद्दल सांगत होती, तेवढ्यात जजचा फोन थरथरला. कंपनीचं पत्र होतं. ते तिने दोनदा वाचलं. जागा तिला मिळाली होती. खाली मॅडमनी स्वतः एक ओळ लिहिली होती: पहिल्या आठवड्याचं काम, हातमोजे घालून राबणारी वीस माणसं शोधा आणि त्यांच्यासोबत एक-एक दिवस काढा.

जजचं बिस्किट चहात मोडून पडलं. मैत्रीण किंचाळून तिच्या गळ्यात पडली. "आईला फोन कर! आधी आईला!"

जजने फोन हातात घेतला, नाव काढलं, बोटही वर नेलं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "आत्ता नाही."

ते दोन तास वीस मिनिटं तिने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. एवढी मोठी बातमी पोटात घेऊन ती एका लेक्चरला बसली, पायऱ्या चढली, पायऱ्या उतरली. दीड वाजला. हातमोजे काढायला लागतात म्हणून तिने आणखी दोन मिनिटं थांबून घेतलं. मग फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"काय गं," पलीकडून आई म्हणाली, "आज बरोब्बर वेळेवर?"