सुलतानचं उष्टं

मित्रांनो, मी एक जुना तोबरा आहे. हरभरा भरून घोड्याच्या तोंडाला पिशवी बांधतात ना, तीच मी. टेंभुर्णीच्या उषाबाईंनी जाड खाकी कापडातून मला शिवलं. त्यांचे मालक कडूबा वरातीला घोडे देतात. मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा कडूबा म्हणाले, "बराबर बसला बघ सुलतानच्या तोंडाला!" मी केवढा खूश झालो होतो! आता ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

दोन वर्षांपूर्वी सुलतानच्या गळ्याखाली गाठी आल्या, फुटल्या, पू वाहिला. स्ट्रँगल्स नावाचा हा रोग. डॉक्टर अरुंधतींनी औषध दिलं आणि बजावलं, "बरा दिसला तरी तपासायला आणा." सुलतान बरा दिसला. तपासायला कोण नेतो! वराती तुंबल्या होत्या.

यंदा फुलवा हे शिंगरू हरभरा खाऊ लागलं. कडूबा सुलतानच्या तोंडचा मला सोडायचे आणि तसाच ओला फुलवाला बांधायचे. "म्होरक्याचं उष्टं खाल्लं की शिंगरू शहाणं व्हतं," असं त्यांचे वडील सांगत. महिन्याभरात फुलवाचा गळा सुजला. श्वास कोंडून ते गेलं. कडूबा त्याच्या मानेला मिठी मारून रडले. ते रडणं खरं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

त्याच आठवड्यात शेजारच्या पुंजारामच्या घोडीलाही गाठी आल्या. तिला त्यानं नुकतीच शहागडहून आणली होती. कडूबांना गुन्हेगार सापडला. "तुझ्याच घोडीनं आणलं हे! घेऊन जा तिला जल्दी!" पुंजाराम हात जोडून म्हणाला, "कडूबादादा, ती तुमच्या दावणीला कधी आलीच न्हाई." कोण ऐकतो! गावानं घोडीला हौदावर पाणी पिऊ दिलं नाही. शेवटी त्यानं ती येईल त्या भावात फुंकून टाकली. त्याच्या दारात आता नुसता खुंटा आहे.

डॉक्टरांनी मात्र फुलवाचा आणि त्या घोडीचा पू आधीच घेऊन ठेवला होता. सुलतानच्या घशामागच्या पोकळीतलं पाणीही नळीनं काढून नेलं होतं. परवा त्या अहवाल घेऊन आल्या. "कडूबाकाका, जंतूंचीही घराणी असतात, जनुकांवरून ओळखू येतात. पुंजारामच्या घोडीतलं घराणं वेगळं आहे. फुलवाला मारणारं आणि सुलतानच्या घशात लपलेलं, दोन्ही एकच. सुलतानवर इलाज करू, तोवर त्याला वेगळा बांधा. तोबरा जाळा. आणि पुंजारामला खरं सांगा."

डॉक्टर गेल्यावर उषाबाई म्हणाल्या, "आवो, जाऊन या त्याच्याकडं."

"सांगून त्याची घोडी वापस येती का? अन् मंग आपला घोडा कोण नेईल वरातीला?" कडूबांनी अहवालाची घडी करून चुलीत घातली. जाळायला सांगितलं होतं मला, जाळला कागद.

आज सकाळी त्यांनी नवं शिंगरू आणलं. लाल रंगाचं आहे, सारखं उड्या मारतं. कडूबा त्याला थोपटत म्हणाले, "उद्यापासून सुलतानचं उष्टं खा, शहाणा व्हशील." उषाबाईंनी मला झटकून खुंटीवर टांगलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला जपू नका. कुणी टेंभुर्णीकडे येत असाल तर आजच या, दाराशेजारच्या खुंटीवरून मला काढा आणि चुलीत घाला. उद्या सकाळी ते शिंगरू माझ्यात तोंड घालणार आहे, आणि मला तोंड मिटता येत नाही.