एका पुडीला किती पाणी

मसुदा. शेवटचा बदल : अकरा दिवसांपूर्वी.

"लेकराला जुलाब लागले तर घाबरू नका. मीठ-साखरेची पुडी आणा. ती"

'ती'पाशी आश्रुबा नावाचा पेशंट फुटलेला अंगठा घेऊन आला होता. वाक्य तिथंच राहिलं.

देवगाव फाट्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर राजेश्री एकच वाक्य दिवसातून चाळीसदा बोलायची. म्हणून तर तिनं ब्लॉग काढला. घरी गेल्यावर माणूस विसरतो, मोबाइल विसरत नाही. तापावर लिहिलं, विंचवावर लिहिलं. लोक वाचायलेत हे कळल्यावर तिला भारी वाटलं होतं.

"मॅडम, लिवणं ठिवा," कंपाउंडर मुंजाजी दारातून म्हणायचा. "बाहेर आठवडी बाजार भरलाय."

काल जुलाबाची अठरा लेकरं आली. सतरांच्या आईबापांना तिनं पुडीला किती पाणी ते सांगितलं. अठराव्याला नुसती पुडी दिली.

ते अठरावं आज सकाळी परत आलं. दहा महिन्यांची पोरगी, डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते.

"पुडी कशी दिली?"

"फुलपात्रात कालवली," बाप म्हणाला. सिद्धोधन, टेम्पो चालवतो. "लय तहान लागली तिला. मंग अजून एक कालवली."

"अख्खी पुडी? एका फुलपात्रात?"

"पुडीवर लय बारीक लिवलंय, मॅडम. तुमच्या पानावर बघितलं. आमी तुमचंच वाचतो. ताप सापडला, विंचू सापडला. हे सापडलं न्हाई. मंग अंदाजानं केलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता.

सुई लागली, झटका थांबला, पुन्हा आला. रक्तात मीठ चढलं होतं; इथं याहून जास्त काही होण्यासारखं नव्हतं. ॲम्ब्युलन्स परभणीकडं गेली. मुंजाजीनं आज काही टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाला, "बाहेर अजून नऊ हायत. जुलाबाचीच."

मसुदा. शेवटचा बदल : आत्ता.

"ती पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा. कमी पाण्यात कधीच नाही."

बोट बटणावर थांबलं. नवं काही आलं की सिद्धोधनचा मोबाइल वाजत असणार. ॲम्ब्युलन्समध्ये, पोरीच्या उशाशी वाजेल. नाही टाकलं, तर बाहेर नऊ.

टाकलं.

तिनं पहिलं लेकरू आत घेतलं. त्याच्या आईला सगळं नीट सांगितलं, दोनदा. मग दुसरं. तिसऱ्याला मोबाइलवर त्या पोस्टखाली एक ओळ उमटली.

सिद्धोधन : मॅडम आत्ता वाचलं. लिटर म्हंजे किती फुलपात्रं

उत्तर तिला माहीत होतं. पाच. त्यानं कालवली होती एकात.

पाच लिहिलं. पुसलं.

"मॅडम," समोरची बाई म्हणाली, "पुडी तेवढी द्या की. एसटी यायलीय."