मुठीतली नाडी

मित्रांनो, मी एक जुना बाहुला आहे. माझ्याशी कोणी भातुकली खेळले नाही, माझे लग्नही कोणी लावले नाही. माझे काम एकच होते. मी मरून पडायचे, आणि माणसांनी माझ्यावर जीव वाचवायला शिकायचे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अंगावर रबराची कातडी, छातीत एक स्प्रिंग आणि तिच्याखाली पत्र्याची पट्टी. छाती हवी तितकी खोल दाबली गेली, की पट्टी 'टक्' करून वाजे. डोके मागे झुकवून, नाक चिमटीत धरून तोंडात फुंकले, की आतली पिशवी फुगे आणि माझी छाती वर येई. मानेतून एक बारीक नळी निघून एका रबरी फुग्यापर्यंत जाई. तो फुगा कोणी मुठीत दाबला, की माझ्या मानेतली नाडी उडे. पाय मला नव्हते. कमरेपाशी मी संपत होतो.

भोपाळच्या वायुगळतीची ती भयंकर बातमी आली, त्याच्या पुढच्या वर्षी मी बोईसरला पोचलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार तेव्हा धास्तावले होते. काही जणांनी मिळून एक रुग्णवाहिका घेतली. तिच्यावर नुसता ड्रायव्हर असून भागणार नव्हते, रुग्णाला दवाखान्यापर्यंत जिवंत ठेवणारा मदतनीस हवा होता. अशा मदतनिसांसाठी एका रिकाम्या शेडमध्ये वर्ग सुरू झाला. मी त्या वर्गातला कायमचा रुग्ण.

शिकवायला होते नरहरी राऊत. घरची बोईसरजवळच्या माहीमला पानवेलींची वाडी, पण त्यांचे सगळे तारुण्य लष्कराच्या वैद्यकीय दलात गेलेले. बोलणे मोजके, मूठ मोठी. पहिल्या दिवशी त्यांनी मला चटईवर निजवले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "तुम्ही पोचेपर्यंत हा मेलेला आहे. पुढचं तुमच्या हातात."

आधी खांदा हलवून हाक मारायची, असा नियम होता. प्रताप नावाचा एक गमत्या विद्यार्थी होता. तो माझ्या कानाशी ओरडला, "अहो काका! ऐकू येतंय का? अहो!" मग सरांकडे वळून म्हणाला, "सर, हा तर आमच्या कंपनीच्या वॉचमनपेक्षा गाढ झोपलाय. कुंभकर्ण आहे नुसता."

त्या दिवसापासून मी कुंभा झालो.

मित्रांनो, मी रोज मरत होतो, पण मी पाहिले तसे नवल कोणी पाहिले नसेल. माझ्या छातीत दुसऱ्यांचे श्वास येत. कोणाच्या श्वासाला कांद्याचा वास, कोणाच्या सुपारीचा. एकदा सरांनी सांगितले की, आपण सोडतो तो श्वास वापरून झालेला असतो, तरीही त्यात दुसऱ्या माणसाला जगवण्याइतका प्राणवायू शिल्लक असतो. मी चटईवर पडल्या पडल्या तेच घोळवत राहिलो. माणूस जे टाकून देतो, त्यावर दुसरा माणूस जगू शकतो!

वर्गात बाई एकच होती. तिचे नाव नलू तामोरे. ती जवळच्याच दांडी गावची, मच्छीमाराच्या घरातली. कारखान्यांत बायकाही कामाला असत, म्हणून एक तरी बाई मदतनीस हवी, असे ठरले होते. ती जागा नलूला मिळायची होती, पण परीक्षा पास झाली तरच.

टोपल्या उचलून तिचे हात घट्ट झाले होते. ती छाती दाबू लागली, की माझी पट्टी एकदाही चुकत नसे. टक्, टक्, टक्. हात सरळ, कोपर ताठ, दाबल्यावर छाती पुरती वर येऊ देणार. सर फुगा दाबत, आणि तिच्या बोटांखाली माझी नाडी उडे.

"विजेचा धक्का बसलाय," सर म्हणत. ती मला वाचवी.

"चालताना छाती धरून कोसळलाय." ती मला वाचवी.

"पाण्यातून काढलाय."

इथे मात्र तिचे हात बदलत. ती मला काखेत धरून पालथा घाली, पोटाखाली गुडघा सरकवी आणि पाठ दाबत राही.

"नलूताई," प्रताप म्हणे, "कुंभाच्या पोटात पाणी नाही हो, रबर आहे!"

सगळे हसत. सर हसत नसत. त्यांची मूठ मिटलेली असे, पण फुगा दबत नसे. "नलू, बुडालेल्याला आधी श्वास हवा. पाणी काढण्यात तू तो वेळ घालवतेस."

"कळलं, सर," ती म्हणे. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

परीक्षेला बाहेरून डॉक्टर आले. प्रतापला त्यांनी विजेचा धक्का दिला, म्हणजे प्रश्नातला. तो पास झाला. नलूला ते म्हणाले, "हा तळ्यात बुडाला होता. आत्ताच काढलाय." नलूने मला पालथे घातले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. मग नापास असे सांगून पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. नलूला आणखी एकच संधी मिळणार होती. ती हुकली, तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

त्यानंतर एका दुपारी ती एकटीच माझ्यावर सराव करत होती. सर खिडकीशी पट्ट्या गुंडाळत बसले होते. तेवढ्यात दारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि मागोमाग तिची आई आली. काशीबाई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकत असे. तिने टोपली खाली ठेवली आणि मला न्याहाळले.

"ह्योच का तुझा कुंभा? आणि पाय कुठं गेले याचे?"

"असाच येतो तो, आये."

"मास्तर," काशीबाई सरांकडे वळली, "ही पोरगी घरी काय बोलत नाय, धड जेवत नाय. तुमी सांगा, कशात चुकते ही?"

नलू म्हणाली, "आये, राहू दे ना."

पण सरांना काही ठाऊक नव्हते. त्यांनी सरळ सांगितले. "काशीबाई, बाकी सगळ्यात ती पहिली आहे. फक्त बुडालेल्या माणसाला ती पालथा घालते आणि पाणी काढत बसते. त्याला उताणा ठेवून आधी श्वास द्यायचा असतो."

काशीबाई टोपलीवरचे फडके नीट करत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"नवशाला आमी पालथाच घातला होता," ती म्हणाली. "हिच्या बापाला. हंड्यावर घातला, वाळूत. मीच दाबत होते. ही एवढीशी, माझा पदर धरून उभी. पानी आलं तोंडातनं. सगली बोलली, निघालं, निघालं. मग आमी वाट बगत बसलो, आता उठंल म्हणून."

बाहेर एका कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबला.

"मंजे मास्तर, तो माझ्या हातानं गेला का?"

मित्रांनो, मी पुष्कळ अवघड प्रश्न ऐकले आहेत, पण असा प्रश्न मी पुन्हा कधी ऐकला नाही. नरहरी सर उठले आणि तिच्यासमोर चटईवर येऊन बसले.

"ते सांगता येणार नाही, काशीबाई. तो पाण्यात किती वेळ होता, बाहेर काढला तेव्हा नाडी होती की नव्हती, आज कोणालाच सांगता येणार नाही. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. पण एक खरं आहे, ते सांगतो. मी फौजेत शिकलो तेव्हा बुडालेल्या माणसाला पालथा घालून पाठ दाबायलाच शिकवलं होतं. त्याची परीक्षा घेतली आणि पास केलं. मीही पुढे तेच शिकवलं. नंतर त्याहून चांगली रीत कळली, म्हणून जुनी सोडली. माझ्याकडे नवी रीत सांगायला माणूस आला. तुमच्या किनाऱ्यावर कोणी आलं नाही."

काशीबाई लेकीकडे वळली.

"म्हणून पालथा घालतेस व्हय गं? आयेला खोटी पाडायची नाय म्हणून?"

नलूने मान खाली घातली.

"येडी. मी चुकले तवा मला म्हाईत नव्हतं. तुला म्हाईत हाय. मग तुझी चूक माझ्याहून मोठी नाय का?" तिने पदर खोचला आणि माझ्याजवळ गुडघे टेकले. "उताना कर त्याला. मला पन शिकव."

नलूने आईचे हात धरून माझ्या छातीवर ठेवले. काशीबाईने सारा भार टाकला. टक्!

"अगं बाय! बोलला हा!" ती दचकून मागे सरली. मग हसली, आणि डोळे पुसून पुन्हा दाबू लागली. सरांनी फुगा हातात घेतला. नलूने आईची दोन बोटे माझ्या मानेवर ठेवली.

"चालू हाय," काशीबाई हळूच म्हणाली. "कोन चालवतं हे?"

सरांनी मूठ उघडून फुगा दाखवला. काशीबाईने तो बोटाने दाबून पाहिला.

"आपली पन अशीच कोनाच्या मुठीत असंल," ती म्हणाली. "आपल्याला मूठ दिसत नाय, एवढंच."

दुसऱ्या परीक्षेला तेच डॉक्टर आले. "हा पाण्यातून काढलाय," ते म्हणाले. नलूचे हात माझ्या काखेकडे निघाले आणि अर्ध्यावर थांबले. मग ते माझ्या कपाळावर आणि हनुवटीवर आले. माझे डोके मागे झुकले. तिचा श्वास माझ्या छातीत आला. सरांनी फुगा इतका जोरात दाबला, की त्याच्या आवाजाने डॉक्टरांनी वळून पाहिले.

नलू रुग्णवाहिकेवर रुजू झाली. प्रताप तिच्याच गाडीवर होता. पुढचे मी त्याच्या तोंडून ऐकले. एका कारखान्यात रामकिसन नावाचा कामगार पाण्याच्या हौदात पडला होता. गाडी पोचली तेव्हा चौघांनी त्याला पाय धरून उलटे लटकवले होते.

"पेट दबाओ, पेट दबाओ, असा सगळा गलका," प्रताप नव्या विद्यार्थ्यांना सांगत होता. "नलूताई ओरडली, सीधा लिटाओ! एक जण अंगावर आला. बाई, पहले पानी तो निकालो! ताई एवढंच म्हणाली, पानी बाद में, पहले साँस. आणि गुडघ्यावर बसली."

ती जी बसली, ती दवाखान्याच्या दारापर्यंत श्वास द्यायची थांबली नाही.

काही आठवड्यांनी रामकिसन पेढे घेऊन वर्गात आला. नलू दाराशी उभी राहिली. तो माझ्या शेजारी चटईवर बसला आणि मला निरखून म्हणाला, "ये भी पानी में गिरा था क्या, भैया?"

"रोज गिरता है," प्रताप म्हणाला.

सरांनी नव्या मुलांना एकेक करून रामकिसनची नाडी पाहायला लावली. मुलांची बोटे त्याच्या मानेवर जात आणि चेहरे गंभीर होत. मी सरांकडे पाहिले. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे होते. माझा फुगा बाजूला पडून होता. आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर एक छाती वर येत होती, खाली जात होती. कोणी फुंकत नव्हते, कोणी दाबत नव्हते. इतके दिवस ज्याची तालीम माझ्यावर होत होती, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आता माझी कातडी भेगाळली आहे, पट्टी वाजत नाही. दिवे लागणारा नवा बाहुला आला, तसा मी कपाटावर गेलो. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, माझे एक मागणे आहे. कोणी कोसळले तर भोवती गर्दी करून उभे राहू नका. मोठे व्हाल तेव्हा हे काम नीट शिकून घ्या. आणि घरच्यांना ठाऊक नसलेले काही शिकलात, तर ते त्यांच्यापासून लपवू नका. नलूने काशीबाईचा धरला, तसा त्यांचा हात धरा आणि त्यांनाही शिकवा.

जाण्याआधी दोन बोटे आपल्या मानेवर ठेवा पाहू. जरा बाजूला. सापडली? तिला नळी नाही, फुगा नाही. ती कोणाच्या मुठीत आहे, हे मला अजून कळलेले नाही. पण माझ्या मानेत ती कधीच आपली आपण उडाली नाही, म्हणून सांगतो, तिला जपा.